छापलेलं अक्षर मोठं करता येत नाही

गंगेवरच्या बुधवारच्या बाजारात भाजी विकणाऱ्या एक मावशी आमच्या महिला मंडळात येतात. पन्नाशी उलटल्यावर त्या लिहायला-वाचायला शिकल्या. मंडळातल्या बायकांच्या आठवणींचं छोटंसं पुस्तक आम्ही काढलं, तेव्हा मावशींनी सांगितलेली त्यांच्या आईची गोष्टही त्यात घेतली. पुस्तक तयार झाल्यावर मोठ्या हौसेने त्यांच्या हातात ठेवलं. त्यांनी मुखपृष्ठावरून हात फिरवला, पान उघडलं, लांब धरलं, जवळ धरलं आणि पुस्तक नातवाकडे देत म्हणाल्या, "तूच वाच बाबा, मला नाही जमायचं."

मला वाटलं, चष्मा विसरल्या असतील. चष्मा तर नाकावरच होता!

घरी येऊन पुस्तक नीट पाहिलं आणि लाज वाटली. चूक आमचीच होती. पुस्तकाची सोळा पानं एकत्र छापतात, त्याला फर्मा म्हणतात. फर्मे वाढले की खर्च वाढतो, म्हणून सगळा मजकूर आम्ही चार फर्म्यांत, 64 पानांत कोंबायला लावला होता. अक्षर 11 पॉइंटचं, समास नावापुरता. आपल्या अक्षरांच्या डोक्यावर मात्रा-रफार आणि पायाशी उकार असतात, त्यामुळे दोन ओळींत मोकळी जागा लागते. इथे वरचे उकार खालच्या वेलांट्यांना टेकले होते. वाचवलेले पैसे मात्र चकचकीत रंगीत मुखपृष्ठावर घातले होते. दीनानाथ दलालांच्या चित्रांवर जीव टाकणाऱ्या आईची मी लेक. पुस्तकाची सजावट म्हणजे मुखपृष्ठ, एवढंच मला ठाऊक!

"आई, पीडीएफ पाठव ना, फोनवर अक्षर मोठं करता येतं," लेक म्हणाली. खरंच आहे. अंधूक दिसणाऱ्यांना फोनची केवढी सोय झाली आहे! पण पीडीएफचं पान मोठं केलं की ओळ पडद्याबाहेर जाते, ती बोटाने सरकवत बसावी लागते. शिवाय मावशींच्या घरातला फोन नातवाचा. तो कामावर गेला की फोनही गेला.

मग आम्ही दुसरी आवृत्ती काढायचं ठरवलं. तेव्हा मंडळात 'ग्रंथ तुमच्या दारी'ची पेटी आलेली होती. विनायक रानडे यांच्या कल्पनेतून 2009 मध्ये नाशिकच्या कुसुमाग्रज प्रतिष्ठानने सुरू केलेला हा उपक्रम. पेटीतली पुस्तकं सतरंजीवर मांडली आणि बायकांना म्हटलं, "गोष्ट राहू द्या, डोळ्यांना कुठलं बरं वाटतं ते सांगा." दुपारभर छान शाळा भरली. पिवळसर कागदावर डोळे दिपत नाहीत. आतला समास रुंद असला की ओळी घडीत बुडत नाहीत. दोऱ्याने शिवलेलं पुस्तक उघडून ठेवलं की उघडं राहतं, भाजी निवडतानाही वाचता येतं.

डीटीपी करणाऱ्या मुलाशेजारी बसून अक्षरं निवडली, तेव्हा आणखी एक कळलं. संगणकावर सर्रास दिसणारी 'मंगल' ही अक्षरं आपल्या र. कृ. जोशींनी घडवली. ते 2008 मध्ये गेले. म्हणजे आपण सहज वाचतो त्या प्रत्येक अक्षरामागे कुणीतरी डोळे शिणवलेले असतात.

नवं पुस्तक 14 पॉइंटचं, सात फर्म्यांचं, 112 पानांचं झालं. पैसे तेवढेच होते, म्हणून मुखपृष्ठ एकरंगी केलं आणि प्रती तीनशेऐवजी दोनशेच काढल्या. मावशींना बाजारातच नेऊन दिलं. गिऱ्हाईक नव्हतं. ओळीखाली बोट ठेवून त्या अडखळत वाचू लागल्या. अर्ध्या पानावर बोट थांबलं. "ताई, हे आईचं नाव ना?" पदराने डोळे पुसून पुढे वाचायला लागल्या.

मैत्रिणींनो, बचत गटाची पुस्तिका असो की हळदीकुंकवाला वाटायचं स्तोत्रांचं पुस्तक, छापायला देण्याआधी एक पान काढून आणा आणि घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाच्या हाती द्या. फोनवरचं अक्षर वाचणारा मोठं करून घेतो. कागदावरच्या अक्षराची काळजी मात्र आधी आपणच घ्यावी लागते.