सुवर्णगीतांची पंगत

चिनी भाषेंतील लोकप्रिय गाण्यांचा सर्वांत मानाचा समजला जाणारा वार्षिक सोहळा चीनमध्यें नव्हे, तर तैवान बेटावर भरतो. 'सुवर्णगीत पारितोषिकें' असें त्याचें नांव. सन १९९० मध्यें तेथील सरकारानें तो सुरू केला व आज तेथील सांस्कृतिक खातें तो चालवितें. चीन, हाँगकाँग, मलेशिया येथील गायकही या मानासाठीं झटतात. त्या रात्रींचा झगमगाट व गायिकांचे पोशाख यांचें वर्णन करणारे पुष्कळ आहेत. आमचें लक्ष वेधलें तें पारितोषिकांच्या वांटणीकडे. कारण तेथें कांहीं पारितोषिकें भाषावार दिलीं जातात.

चिनी म्हणजे एकच भाषा असा आपला समज असतो. तैवानांत मँडरिन ही राज्यकारभाराची भाषा. पण बहुसंख्य घरांची जुनी बोली होक्कियन, कांहींची हाक्का, आणि डोंगरांतील व पूर्व किनाऱ्यावरील मूळ रहिवाशांच्या भाषा तर चिनी कुळांतल्याही नव्हेत. सन १९४९ पासून १९८७ पर्यंत तेथें लष्करी कायदा होता. त्या काळांत घरची बोली शाळेंत तोंडांतून निघाली कीं मुलाला दंड होई, किंवा त्याच्या गळ्यांत पाटी अडकवीत. ज्या भाषेंत आजीनें निजविलें, तिचीच लाज वाटावयास शिकविणारी ही शाळा! सन १९७६ च्या कायद्यानें नभोवाणी व चित्रवाणीवरूनही या बोली मागें रेटल्या. तें बंधन १९९३ सालीं उठलें. अशा बेटावर सरकारनेंच पुढें हाक्का व मूळ रहिवाशांच्या गाण्यांस स्वतंत्र मान द्यावा, ही गोष्ट लहान नव्हे.

आणि तरीही सन २००७ मध्यें एका गायकानें तो मान नाकारला. लिन शेंग-शिआंग हा दक्षिणेकडील मेइनोंग या हाक्का शेतकऱ्यांच्या गांवचा. आपल्याकडे शेतकरी सावडीनें एकमेकांच्या शेतांत राबतात, तशीच चाल तिकडे आहे. तिचेंच नांव त्याच्या एका वाद्यवृंदास होतें. गांवावर येऊं घातलेल्या धरणाविरुद्ध त्यानें गाणीं रचलीं. तें धरण पुढें झालें नाहीं. 'झाडें लावणें' या त्याच्या गीतसंग्रहास उत्कृष्ट हाक्का गायनाचें व उत्कृष्ट हाक्का संग्रहाचें अशीं दोन पारितोषिकें मिळालीं. तो व्यासपीठावर गेला, आणि संगीताची प्रतवारी संगीताच्या प्रकारावरून व्हावी, भाषेवरून नव्हे, असें सांगून त्यानें दोन्ही नाकारलीं. रकमा शेतीच्या कार्यास दिल्या.

हें वर्तन कित्येकांस उर्मटपणाचें वाटेल. आम्हांस तसें वाटत नाहीं. पाहुण्यास आदरानें बोलवावें, उत्तम वाढावें, पण पान मात्र निराळ्या पंक्तीस मांडावें, यांतला सल ज्याचा त्यालाच कळतो. मात्र दुसरी बाजूही खरी आहे. मूठभर लोकांच्या भाषेंतलें गाणें मुख्य पंक्तींत परीक्षकांच्या कानीं तरी पडलें असतें काय? त्या निराळ्या पानानेंच कित्येक गायकांस हुरूप दिला असेल.

आबाओ या गायिकेची हकीकत या संबंधांत पाहण्याजोगी आहे. ही मूळ रहिवाशांपैकीं पायवान जमातीची, शिक्षणानें परिचारिका. सन २००४ मध्यें जोडीनें गाइलेल्या गाण्यांबद्दल तिला पारितोषिक मिळालें होतें. पण पुढें ती आपल्या आजीच्या व आईच्या गाण्यांकडे वळली, आणि आईच्या साह्यानें पायवान भाषेंतच, अगदीं नव्या नाचाच्या ठेक्यावर गाऊं लागली. (जुनी भाषा जुन्याच चालींत गाइली पाहिजे, हा आग्रह सोडला, हें तिनें फार शहाणपणाचें केलें.) सन २०१७ मध्यें तिच्या संग्रहास मूळ रहिवाशांच्या भाषांसाठीं असलेलें पारितोषिक मिळालें. सन २०२० मध्यें साथीमुळें सोहळा लांबून ऑक्टोबरांत झाला. त्या रात्रीं तिच्या 'मातृभाषा' या अर्थाचें नांव असलेल्या संग्रहानें तें निराळ्या पंक्तीचें पारितोषिक तर घेतलेंच; शिवाय सर्व भाषांतून निवडलेला वर्षाचा सर्वोत्कृष्ट संग्रह म्हणूनही तोच निवडला गेला, आणि वर्षाचें उत्कृष्ट गीतही त्यांतलेंच ठरलें.

भाषावार पारितोषिकें त्यानंतरही चालूच राहिलीं आहेत.