गिअर किती, यापेक्षां गिअर कसे?

मुलाला डोंगरी सायकल, म्हणजे दुकानदार जिला माउंटन बाइक म्हणतात ती, घेऊन द्यावयास आपण जातों, तेव्हां पहिला प्रश्न विचारतों, 'गिअर किती?' 21 म्हटले म्हणजे ती 12 गिअरांच्या सायकलीहून चांगली, असा हिशेब मनांतल्या मनांत होऊन जातो. परंतु घाटांत मुलाला खालीं उतरून सायकल ढकलावी लागेल कीं नाहीं, हें त्या आंकड्यावरून कळत नाहीं. तें कशावरून कळतें, एवढेंच आज सांगावयाचें आहे.

गिअरामुळें चढाचें काम कमी होत नाहीं. त्याचे हप्ते पडतात. जिन्याच्या पायऱ्या उंच असोत वा ठेंगण्या, माडीची उंची तीच. पण ठेंगण्या पायऱ्या म्हाताऱ्यालाहि चढवतात. सायकलीची पायरी मोजण्याची रीति सोपी आहे. पुढच्या दांतेरी चाकाच्या दांत्यांना मागच्या चाकाच्या दांत्यांनीं भागावें आणि त्या भागाकारास रस्त्यावर फिरणाऱ्या चाकाच्या परिघानें गुणावें. पायडलाच्या एका फेऱ्यांत सायकल किती पुढें जाते, तें निघतें.

साधी बिनगिअरची सायकल घ्या. पुढें 44 दांते, मागें 18, परीघ सुमारें 2.2 मीटर. एका फेऱ्यांत ती 5.4 मीटर जाते. रस्ता 100 मीटरांत 10 मीटर चढत असेल, तर दर फेऱ्याला स्वारासह सायकल 54 सेंटिमीटर वर उचलावी लागते. इतक्या उंच पायऱ्यांचा जिना गुडघे किती वेळ सोसतील?

आतां 21 गिअरांची एक नेहमींची जोडणी पाहूं. पुढें 42, 34 व 24 दांत्यांचीं तीन चाकें. मागें 14 पासून 28 पर्यंत सात. परीघ 2.3 मीटर धरला, तर सर्वांत हलक्या गिअरांत पायरी सुमारें 20 सेंटिमीटरांची होते. दुसरी सायकल 12 गिअरांची: पुढें 32 दांत्यांचें एकच चाक, मागें 11 पासून 50 पर्यंत बारा. हिची पायरी अवघी 15 सेंटिमीटरांची! 21 गिअरांत पुनरुक्ति फार असते. 42 ला 28 नें भागा किंवा 24 ला 16 नें, उत्तर दीडच.

मग गिअर जितका हलका तितका बरा काय? तसेंहि नाहीं. मिनिटाला 60 फेरे मारल्यास ही दुसरी सायकल हलक्या गिअरांत ताशीं सुमारें 5 किलोमीटर जाते. याहून फार मंद गेल्यास तोल राखणें कठीण. उलट तिच्या सर्वांत जड गिअरांत मिनिटाला 80 फेऱ्यांनीं ताशीं 32 किलोमीटर वेग मिळतो. सपाटीवर याहून अधिक कोणाला हवा?

आपल्या अहिल्यानगर जिल्ह्यांत दोन्ही प्रकारची भूमि आहे. पश्चिमेस अकोले तालुक्यांत 1646 मीटर उंचीचें कळसूबाईचें शिखर व भंडारदरा-घाटघरकडील चढउतार. इकडे श्रीरामपूर, नेवासें या बाजूस सपाट बागाइती मुलूख. अकोल्याकडे हिंडणाऱ्यानें हलका गिअर आधीं पाहावा. नित्य सपाटीवर फिरणाऱ्याला मात्र मागच्या चाकांतील मोठें अंतर जाचतें. एक गिअर जड वाटतो, तर पुढचा एकदम हलका. त्यानें 11 ते 34 असा आंखूड पल्ला पत्करण्यास हरकत नाहीं. क्वचित् करंजी घाट चढावयाचा असेल, तर पुढें एक लहान चाक असलें म्हणजे झालें.

घरची सायकल चढाला जड असल्यास ती टाकून देऊं नये. पुढचें 32 चें चाक काढून 28 चें बसवतां आलें, तर प्रत्येक गिअर एक-अष्टमांशानें हलका होतो. मागें मोठें चाक घालण्यापूर्वीं मात्र गिअर बदलणारी यंत्रणा तें पेलेल कीं नाहीं, हें कारागिराला विचारावें.

तेव्हां दुकानांत प्रश्न असा विचारावा: 'पुढच्या सर्वांत लहान चाकाला दांते किती, आणि मागच्या सर्वांत मोठ्याला किती?' मागचे दांते पुढच्यांच्या दीडपट भरले, कीं घाटाची चिंता बरीच मिटली.