पेढीवरील प्रमादचर्या

कारंजा येथील बलात्कारगण व सेनगण मंदिरांच्या शास्त्रभांडारांतील हस्तलिखिते ज्यांनी पाहिली असतील, त्यांना पूर्वजांचा कागदाशी असलेला व्यवहार निराळा सांगावा लागणार नाही. पानाच्या दोन्ही बाजू अक्षरांनी भरलेल्या. चूक झाली तर पान न फाडता हरताळ लावून तेथेच दुरुस्ती. महाकवी पुष्पदंताचे ‘जसहरचरिउ’ कारंजाच्या जैन ग्रंथमालेतून 1931 साली छापून प्रसिद्ध झाले, ते अशा जपलेल्या पोथ्यांच्या बळावर.

आज वाशीम, कारंजा, रिसोड, मंगरुळपीर येथील आपल्या पेढ्यांवर कागद कसा वापरला जातो? सोयाबीन व तुरीच्या हंगामात एकाच सौद्यामागे काटापट्टी, हिशेबपट्टी, बिल आणि शिवाय ‘असू द्या फाइलला’ म्हणून आणखी एक प्रत निघते. शेतकऱ्याच्या हातातील पट्टी हवीच. तो त्याचा पुरावा आहे. प्रश्न त्या शेवटच्या प्रतीचा आहे. वार्षिक पाच कोटींहून अधिक उलाढाल असणाऱ्यांना 1 ऑगस्ट 2023 पासून ई-बीजक बंधनकारक झाले. बीजक संगणकावरच जन्मते, तरीही आपण ते छापतो. थर्मल कागदावरील पावतीची गत तर विचित्र: तिची अक्षरे काही काळाने उडतात, म्हणून तिची छायाप्रत काढावी लागते, आणि तिच्यावरील रासायनिक लेपामुळे ती रद्दीतही घालू नये. कोणती कागदपत्रे केवळ संगणकावर ठेवलेली चालतील, हे आपल्या लेखापालांना एकदा बसवून विचारावे. जीएसटीचे दप्तर वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम तारखेपासून 72 महिने जपावे लागते. तेवढ्या काळाच्या अनावश्यक प्रतींना कपाटेही लागतात.

आचार्य समंतभद्रांनी रत्नकरंड श्रावकाचारात अनर्थदंडाचे पाच प्रकार सांगितले. त्यांतील ‘प्रमादचर्या’ म्हणजे विनाकारण जमीन खणणे, पाणी सांडणे, अग्नी पेटविणे, वारा घालणे, वनस्पती तोडणे. गृहस्थाला व्यापार सोडावा लागत नाही, गरजेपुरता आरंभही त्याला चुकत नाही. दोष आहे तो कारणावाचून घडलेल्या हिंसेचा. शतकांपूर्वीची ही यादी आजच्या कार्यालयाला इतकी चपखल लागू पडते, की पर्यावरणाचे निराळे शास्त्र शिकण्याची व्यापाऱ्याला फारशी आवश्यकता भासू नये.

वाऱ्याचेच घ्या. छताचा जुना पंखा साधारण 75 वॅट वीज घेतो, नवा बीएलडीसी पंखा सुमारे 30. चार पंखे, दिवसाचे दहा तास, वर्षाचे 300 दिवस धरले, तर 540 युनिटांची बचत होते. कोळशावरील विजेच्या एका युनिटामागे सुमारे 700 ग्रॅम कोळसा जळतो. म्हणजे चार पंख्यांमागे वर्षाला पावणेचार क्विंटलांच्या आसपास कोळसा वाचतो! शेजारच्या अकोला जिल्ह्यातील पारसचे औष्णिक केंद्र पाहिलेल्यांना या आकड्याचा अर्थ उमगेल. मालक बाजारात आणि केबिनमधला पंखा चालू, हे दृश्य मात्र नवा पंखा आणूनही बदलत नाही. तेथे बटणाशी उठून जाणारा हातच हवा. वातानुकूलन यंत्र असल्यास ते 24 अंशांवर ठेवावे. प्रत्येक वाढीव अंशागणिक सुमारे सहा टक्के वीज वाचते.

पाण्याविषयी आपण घरी दक्ष असतो, गाळल्याशिवाय पीत नाही. पेढीवर मात्र आर.ओ. यंत्राची नळी सरळ गटारात सोडलेली असते. एक लिटर पाण्यामागे साधारणतः दोन-तीन लिटर पाणी त्या नळीतून जाते. वाशीम शहर एकबुर्जी प्रकल्पावर विसंबून आहे आणि उन्हाळा येथे कुणाला सुखाचा जात नाही. नळीखाली एक बादली ठेवली, तर फरशी पुसण्याचे काम त्यावर भागते. चहाच्या कागदी पेल्यांना आतून प्लॅस्टिकचा पातळ थर असतो, म्हणून ते कागद म्हणून पुन्हा वापरता येत नाहीत. स्टीलचे वा काचेचे दोन डझन पेले आणि ते विसळणारा माणूस, एवढीच याची तजवीज. चांगल्या पेढीवर पाहुण्याला तो मानही वाटतो.

एक बाब जरा अवघड आहे, पण लिहितोच. पर्युषणानंतर पेढ्यांच्या नावाने गुळगुळीत, सोनेरी छपाईची क्षमापना पत्रे वाटली जातात. कळत-नकळत झालेल्या जीवविराधनेची क्षमा मागणारा मजकूर लॅमिनेशन केलेल्या कागदावर! ज्यांच्याशी वर्षभर हिशेब असतो, त्यांना फोन करावा, वृद्धांना स्वहस्ते पोस्टकार्ड लिहावे; व्यापारी नात्यात त्याचा परिणाम अधिक होतो.

दिवाळीला वहीपूजन होते, तेव्हा जुन्या वर्षाची वीजबिले आणि कागदाच्या रिमांची बिलेही पुढ्यात घ्यावीत. दोन्हींची बेरीज नव्या वहीच्या पहिल्या पानावर मुनिमाकडून लिहून घ्यावी, आणि पुढच्या वर्षी त्याच पानावर दुसरी बेरीज.