सायकलयात्रेचा एक दिवस आणि वाटेवरची गावे

सायकल हे आपल्या ग्रामीण जीवनातील जुने वाहन होय. टपाल, दूध, भाजीपाला आणि शाळकरी मुले यांची ने-आण तिने अनेक दशके केली आहे. दूरच्या प्रवासाचे साधन म्हणूनही तिची परंपरा नवी नाही. ऑक्टोबर १९२३ मध्ये मुंबईहून सहा पारशी तरुण सायकलींवर जगप्रदक्षिणेस निघाले. त्यांपैकी आदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भूमगरा हे तिघे सुमारे ७१,००० किलोमीटरचा प्रवास पुरा करून मार्च १९२८ मध्ये परतले. आज हौसेने दूरवर सायकलप्रवास करणारे स्त्री-पुरुष आपल्या खेड्यापाड्यांतून जाताना दिसतात. त्यांच्या एका दिवसाचा क्रम पाहिला, म्हणजे गावातील लहानसहान सार्वजनिक सोयींचे मोल ध्यानात येते.

पहाटेची वाटचाल

उदाहरणादाखल रायगड जिल्ह्यातील मुरूड ते हरिहरेश्वर हा मार्ग घेऊ. मुरूडहून आगरदांडा, तेथून फेरीबोटीने खाडी ओलांडून दिघी आणि पुढे दिवेआगर, भरडखोल, शेखाडी, श्रीवर्धन असा हा साधारण ६५ ते ७० किलोमीटरचा रस्ता आहे. मोटारीने जाणाऱ्यास हे अंतर किरकोळ वाटेल. सामान लादलेली सायकल मात्र सपाटीवर तासाला सुमारे १५ किलोमीटर चालते आणि चढावर तिचा वेग त्याच्या निम्म्याहूनही कमी होतो. म्हणून यात्री उजाडण्यापूर्वीच निघतो आणि ऊन तापण्याच्या आत निम्म्याहून अधिक वाट मागे टाकतो.

समुद्रकाठचा हा रस्ता दिसतो तितका सपाट नाही. डोंगराच्या सोंडा पाण्यापर्यंत उतरल्यामुळे चढ-उतार सतत चालू राहतात. यात्री, सायकल व सामान मिळून ९० किलो वजन धरले, तर ते १०० मीटर उंच नेण्यास शरीराला सुमारे ९० किलोकॅलरी ऊर्जा खर्चावी लागते. म्हणजे अशा एका चढाला साधारण अर्धी भाकरी लागते. दिवसभरात असे अनेक चढ येतात. सायकलीचे इंधन वाटेवरच्या गावांतील चुलीवर तयार होते, असे म्हटले तर ते वावगे ठरणार नाही.

पाणी आणि सावली

कोकणातील दमट हवेत घाम लवकर वाळत नाही आणि त्यामुळे शरीर थंड होत नाही. अशा वेळी तासाला निदान अर्धा लिटर पाणी पोटात जावे लागते. घामावाटे मीठही जात असल्याने लिंबू, मीठ व साखर घातलेले सरबत उपयुक्त ठरते. सकाळी अकरा ते दुपारी साडेतीनपर्यंत सावलीत विसावा घेणे इष्ट. या वेळी यात्रीला लागते ते थोडेच : पिण्याजोगे पाणी, झाडाखालचा पार किंवा एस.टी.चा निवारा, स्वच्छ शौचालय आणि पंक्चर काढणारे दुकान. शौचालय नसेल, तर स्त्रिया पाणी पिणेच टाळतात आणि उन्हात ते धोक्याचे ठरते.

हा प्रवासी गावात रेंगाळतो. चहा, जेवण, किरकोळ दुरुस्ती, रात्रीचा मुक्काम यांवरील त्याचा खर्च गावातच राहतो. ३ जून २०२० रोजी आलेल्या ‘निसर्ग’ चक्रीवादळाने या पट्ट्यातील नारळी-पोफळीच्या बागांची मोठी हानी केली. नवी पोफळ लावल्यावर फळ धरण्यास पाच-सात वर्षे लागतात. अशा ठिकाणी घरगुती निवास व खानावळीपासून मिळणारे उत्पन्न हा कुटुंबाला मोलाचा आधार आहे.

रस्त्याची कड

सायकलस्वाराच्या जिवाशी सर्वांत निकटचा संबंध असलेली बाब म्हणजे रस्त्याची साइडपट्टी. डांबराचा नवा थर पडला, की रस्ता उंच होतो; साइडपट्टी मात्र जुन्याच पातळीवर राहते. पुढे पावसाने मुरूम वाहून जातो आणि डांबराच्या कडेला चार-सहा इंचांची पायरी तयार होते. मागून अवजड वाहन आले, की सायकलस्वार खाली उतरतो. परत वर येताना चाक कडेला घासत जाते, तोल सुटतो आणि तो रस्त्याच्या बाजूसच, वाहनांपुढे पडण्याचा संभव असतो. पावसाळ्यानंतर मुरूम भरून, दबाई करून साइडपट्टी डांबराच्या पातळीस आणणे, हा यावरील साधा उपाय आहे. गतिरोधकांवर पांढरे पट्टे मारणे आणि वळणावरील झुडपे छाटणे, हीदेखील अशीच अल्प खर्चाची कामे होत.

मुख्य लाभार्थी गावातलेच

एवढा खटाटोप चार हौशी प्रवाशांसाठी कशाला, असा प्रश्न ग्रामसभेत विचारला जाणे स्वाभाविक आहे. यात्री वर्षातून एखादा दिवस या रस्त्याने जातो. गावची विद्यार्थिनी मात्र रोज जाते. राज्यात मानव विकास कार्यक्रमांतर्गत आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना सायकली देण्यात आल्या, त्या शाळा लांब म्हणून शिक्षण सुटू नये याच हेतूने. परंतु रस्त्याची कड धोक्याची असेल, तर पालक मुलीला सायकलीवर पाठविण्यास कचरतात आणि मिळालेली सायकल पडवीत पडून राहते.

म्हणून पंचायत सदस्यांनी व शिक्षकांनी मिळून शाळेच्या वाटेची वर्षातून एकदा, शक्यतो पावसाळा सरताच, सायकलीवरून पाहणी करावी. पायरी कोठे पडली आहे, पाणी कोठे मिळत नाही, सावली कोठे तुटली आहे, यांची नोंद घ्यावी. जे पंचायतीच्या हातचे आहे ते पंचायतीने करावे आणि उरलेल्याची यादी ठरावासह बांधकाम विभागाकडे पाठवावी. मोटारीच्या खिडकीतून जे दिसत नाही, ते सायकलीवरून सहज दिसते.