उपस्थात्याचा विसावा

चरकाचार्यांनी चिकित्सेचे चार पाद सांगितले : भिषक्, द्रव्य, उपस्थाता आणि रोगी. उपस्थात्याच्या ठायी उपचारांचे ज्ञान, दक्षता, रुग्णाविषयी अनुराग आणि शुचिता असावी, अशी अपेक्षा सूत्रस्थानात व्यक्त झाली आहे. तीव्र सेरेब्रल पाल्सी अथवा बहुविकलांगता असलेल्या बालकाच्या घरी हा उपस्थाता म्हणजे बहुधा एकटी आईच असते. मूल बारा-तेरा वर्षांचे झाले तरी त्याला उचलणे, भरविणे, कूस पालटणे, झटक्याच्या भीतीने रात्री जागणे संपत नाही. पाठदुखी, निद्रानाश, अम्लपित्त या तक्रारी घेऊन ती आपल्याकडे येते. आपण तिला औषध देतो आणि पुन्हा त्याच कामावर धाडतो.

अशा कुटुंबाला ठरावीक काळ मोकळीक देणाऱ्या व्यवस्थेस इंग्रजीत रेस्पाइट केअर म्हणतात. आम्ही तिला विसावा-सेवा म्हणू. ती घरी येऊन दिलेली दोन तासांची असेल, केंद्रातील एका दिवसाची असेल किंवा आठवडाभराच्या निवासाची. इंग्लंडमध्ये ऑक्सफर्ड येथे १९८२ साली सुरू झालेले ‘हेलन हाउस’ हे जगातील पहिले बालहॉस्पिस अशाच गरजेतून उभे राहिले. एका जोगिणीने गंभीर आजारी मुलीच्या आईवडिलांना थोडी विश्रांती मिळावी म्हणून त्या मुलीला अधूनमधून आपल्या मठात सांभाळले, एवढेच त्याचे मूळ.

आपल्याकडे १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याने स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, मतिमंदत्व व बहुविकलांगता असलेल्या व्यक्तींची दखल घेतली. न्यासाची ‘समर्थ’ योजना, जी २०१५ साली नव्या रूपात आली, ती विसावा-निवासासाठीच आखलेली होती. ‘निरामय’ या आरोग्य विम्याची मर्यादा एक लाख रुपये असून त्यात पर्यायी वैद्यकाचाही अंतर्भाव आहे, हे आपल्यातील अनेकांच्या गावीही नसते. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात अधिक आधाराची गरज असलेल्यांसाठी काळजीवाहक भत्त्याची तरतूद आहे.

तरतुदी आहेत, प्रश्न अंतराचा आहे. लातूरनजीक हरंगुळ येथे ‘संवेदना’ हे सेरेब्रल पाल्सी विकसन केंद्र आहे. परंतु निलंग्याहून लातूर सुमारे पन्नास किलोमीटर. औराद शहाजानी किंवा कासारशिरसीच्या बाजूच्या खेड्यातून ताठरलेल्या अंगाचे मूल कडेवर घेऊन एस.टी.ने जाणे हीच एक परीक्षा असते. सोयाबीनच्या काढणीत तर घरातील प्रत्येक हात शेतात लागतो आणि आईचे दोन्ही हात मुलापाशी अडकलेले असतात.

येथे तालुक्यातील वैद्याला काही करता येईल, असे आमचे मत आहे. अभ्यंग-स्वेदनासाठी ही मुले आपल्या पंचकर्म कक्षात येतातच. त्या वेळी आईला बाकावर बसवून ठेवण्याऐवजी प्रशिक्षित परिचारिकेच्या हाती मूल सोपवून तिला दोन तास मोकळे करावे. ती बाजारात जाईल, बँकेचे काम उरकेल किंवा नुसती झोपेल. आठवड्यातील एक वार यासाठी राखून ठेवला तरी पुष्कळ होईल.

मात्र जबाबदारी घ्यायची तर तयारी हवी. मुलाला आडवे ठेवून भरवू नये; अन्न श्वासमार्गात जाऊन फुप्फुसदाह होतो. झटका आल्यास कुशीवर वळवावे, तोंडात काहीही घालू नये, कांदा वा चप्पल हुंगवू नये आणि झटका पाच मिनिटांहून लांबल्यास रुग्णालय गाठावे. औषधांच्या वेळा, भरविण्याची रीत, आईचा व शेजाऱ्याचा दूरध्वनी क्रमांक हे सारे एका कागदावर आधीच लिहून घ्यावे.

औषध दुकानदार या कुटुंबांना वैद्याहूनही अधिक ओळखतात, कारण दरमहा तेच गिऱ्हाईक तेच औषध नेते. सोडियम व्हॅल्प्रोएटसारखे औषध संपले म्हणून चार दिवस थांबा असे सांगणे घातक आहे. एकाएकी खंड पडल्यास झटके थांबेनासे होतात. अशा नेमक्या रुग्णांची वही ठेवून साठा आधीच मागवावा. आपल्या काढ्याच्या भरवशावर ते औषध बंद करविणाऱ्या व्यवसायबंधूंविषयी आम्हाला स्पष्टपणे नापसंती नोंदवावीशी वाटते.

त्याच ओघात आणखी एक. वर्षाचे होऊनही न चालणाऱ्या बालकाच्या फक्करोगात काश्यपांनी औषधांबरोबर तीन चाकांचा रथही सांगितला. साधनाची लाज त्यांना वाटली नाही. आज मात्र ‘अमुक बस्ती झाल्या की मूल चालेल’ या आश्वासनावर आईबाप जमिनीचा तुकडाही विकतात. प्रत्येक सेरेब्रल पाल्सीला फक्क म्हणणे शास्त्राला धरून नाही. स्नेहनाने ताठरपणा काहीसा सैल होईल, मुलाला कपडे घालणे सोपे जाईल, कदाचित झोपही बरी लागेल. पहिल्याच भेटीत एवढेच सांगावे आणि लगेच विचारावे, की गेल्या महिन्यात आई सलग किती तास झोपली.