कार्यशाळेतील अध्यापक

माध्यमिक शाळेत तंत्रविषय शिकविणाऱ्या अध्यापकाचे स्थान मोठे विलक्षण असते. विज्ञानाचे शिक्षक त्याला कारागीर समजतात आणि कारागीर त्याला मास्तर समजतात. गुणपत्रिकेत त्याच्या विषयाला फारसे वजन नसते. तथापि, पुस्तकात वाचलेला नियम प्रत्यक्ष वस्तूत कसा उतरतो, हे विद्यार्थ्यास दाखविण्याची मोठी संधी त्याच्याच तासाला मिळते. ह्या अध्यापकाचे कार्य कोणते व ते कोणत्या रीतीने साधते, ह्याचा थोडक्यात विचार येथे करावयाचा आहे.

बंगळूर शहराचा इतिहास ह्या दृष्टीने बोधप्रद आहे. येथे १९०९ साली भारतीय विज्ञान संस्था व १९१७ साली अभियांत्रिकी महाविद्यालय स्थापन झाले. पुढे १९४० मध्ये विमानांचा, १९४८ मध्ये टेलिफोनच्या साहित्याचा, १९५३ मध्ये यांत्रिक हत्यारांचा आणि १९५४ मध्ये इलेक्ट्रॉनिक साधनांचा असे मोठे कारखाने उभे राहिले. कारखान्याला अभियंते लागतात, तसेच अचूक माप घेणारे, नकाशा वाचणारे, यंत्राचा बिघड केवळ आवाजावरून ओळखणारे हातही लागतात. हे हात एका दिवसात तयार होत नाहीत. त्यांची घडण शाळेच्या वयातच सुरू व्हावी लागते.

ह्याच शहरात सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या ह्यांच्या स्मरणार्थ औद्योगिक व तांत्रिक संग्रहालय उभारण्यात आले. विश्वेश्वरय्यांनी अभियांत्रिकीचे शिक्षण पुण्यास घेतले होते व खडकवासला धरणावरील स्वयंचलित दरवाजांमुळे महाराष्ट्रासही त्यांचा परिचय आहे. १९६२ साली पंडित नेहरूंच्या हस्ते ह्या संग्रहालयाचे उद्‌घाटन झाले आणि १९६५ साली विद्युत्‌शक्तीविषयीचे दालन जनतेस खुले करण्यात आले. वस्तू काचेआड न ठेवता प्रेक्षकाने कळ दाबावी, दांडा फिरवावा आणि परिणाम स्वतः पाहावा, ही येथील पद्धत. परंतु संग्रहालयात विद्यार्थी वर्षातून एकदा जातो. शाळेत तो रोज येतो. संग्रहालयातील तत्त्व रोजच्या शाळेत कसे आणावे, हा खरा प्रश्न होय.

पाबळचा प्रयोग

ह्या प्रश्नाचे एक उत्तर महाराष्ट्रात सापडते. डॉ. श्रीनाथ कलबाग हे इलिनॉय विद्यापीठाचे डॉक्टर. म्हैसूर येथील अन्नतंत्र संशोधन संस्थेत व पुढे मुंबईच्या एका मोठ्या कंपनीच्या प्रयोगशाळेत काम केल्यावर त्यांनी १९८३ साली पुणे जिल्ह्यातील पाबळ ह्या दुष्काळी गावी ‘विज्ञान आश्रम’ स्थापन केला. वर्धा येथे १९३७ साली मांडलेल्या नयी तालीमच्या विचारात हस्तव्यवसायाला मध्यवर्ती स्थान होते. कोठारी आयोगाने (१९६४–६६) ‘कार्यानुभवा’ची शिफारस केली होती. हे विचार शाळेच्या वेळापत्रकात बसविण्याचे काम कलबागांनी केले.

त्यांच्या योजनेप्रमाणे आठवी ते दहावीचे विद्यार्थी आठवड्यातील एक दिवस हातांनी काम करतात. विषयाचे विभाग चार : अभियांत्रिकी, ऊर्जा व पर्यावरण, शेती व पशुपालन, गृह व आरोग्य. एकाच विद्यार्थ्याने सुतारकाम, विजेची जोडणी, रोपवाटिका आणि रक्तातील हिमोग्लोबिनची तपासणी ही सर्व कामे करावयाची असतात. त्याला एकाच धंद्यात जखडावे, असा हेतू नाही; विविध कामांच्या मुळाशी असलेले विज्ञान त्याला उमगावे, हा हेतू आहे. शिकविण्याच्या कामी गावातील कुशल कारागिरांचेही साहाय्य घेतले जाते. आणि तयार केलेली वस्तू गावाच्या उपयोगी पडेल, अशी दृष्टी ठेवली जाते. शाळेच्या फाटकाची बिजागरी कुरकुरली, तर ते कोणाचे काम आहे हे साऱ्या गावाला ठाऊक असते! गुण देणाऱ्या परीक्षकापेक्षा हा परीक्षक अधिक कठोर असतो.

तीन पाठ

असा अध्यापक वर्गात काय करील, ह्याची काही उदाहरणे पाहू.

पहिला पाठ सायकलीचा. पायडलाजवळच्या चक्रास ४४ व मागील चक्रास १८ दाते आहेत, असे समजू. साखळीची कडी एकेका दात्यावर बसत असल्यामुळे पायडलाच्या एका फेऱ्यात मागचे चाक ४४ भागिले १८, म्हणजे सुमारे २.४४ वेळा फिरते. चाकाचा परिघ २.२ मीटर असल्यास सायकल सुमारे ५.४ मीटर पुढे जाईल. विद्यार्थ्यांनी हे गणित आधी करावे, मग खडूची खूण करून टेपने अंतर मोजावे. मागे २२ दात्यांचे चक्र बसविल्यास अंतर ४.४ मीटरवर येते. परंतु चढावर पाय कमी दुखतात. अंतर घटले, पण जोर कमी लागला : यंत्रशास्त्राचा एक मूलभूत नियम येथे पायांनाच समजतो.

दुसरा पाठ भिंतीच्या आखणीचा. गवंड्याच्या पिशवीत गुण्या, ओळंबा व पाणसळ असते. मोठ्या पायासाठी गुण्या अपुरा पडतो. तेव्हा दोरीने ३, ४ व ५ मीटर बाजूंचा त्रिकोण आखला की काटकोन मिळतो. पायथागोरसचा सिद्धान्त फळ्यावर सिद्ध करणे आणि त्याच्या आधारे घराचा कोपरा धरणे, ह्या दोन गोष्टी ज्याने एकाच आठवड्यात केल्या, तो तो सिद्धान्त विसरणार नाही.

तिसरा पाठ विजेच्या बिलाचा. ६० वॉटचा दिवा रोज ५ तास लावला, तर ३० दिवसांत ९ युनिट वीज खर्च होते. ९ वॉटच्या एलईडी दिव्याला १.३५ युनिट पुरते. प्रत्येकाने घरातील उपकरणांची अशी यादी करून बिलाशी ताडून पाहावी. आकडे जुळले नाहीत, तर पाठ फसला असे समजू नये. खरा पाठ तेथूनच सुरू होतो.

अध्यापकाची जबाबदारी

ह्या पाठांत एक सूत्र समान आहे. आधी अंदाज, मग कृती, मग मोजमाप आणि शेवटी नोंद. नोंदीत आकृती हवी, तसाच साहित्याचा व मजुरीचा हिशेबही हवा. कारण जी वस्तू परवडत नाही, तिचे तंत्र अपुरेच असते. सर्वांनी एकाच नमुन्याची खुर्ची ठोकून आणली, तर हात शिकले, बुद्धी मात्र स्वस्थ बसली. उलट, खुर्ची का डगमगते एवढेच विचारले, तर विद्यार्थी आडवी तिरकस पट्टी ठोकून त्रिकोणाचे बळ स्वतः शोधून काढतो.

हे सोपे नाही. हत्यारांना धार ठेवणे, साहित्य वेळेवर मिळविणे, पन्नास मुलांच्या बोटांवर लक्ष ठेवणे आणि शिवाय तास संपण्यापूर्वी पसारा आवरणे, ही कामे कोणत्याही वेळापत्रकात नोंदलेली नसतात. त्याहून कठीण म्हणजे ‘अभ्यासात मागे असलेल्यांसाठी हा विषय’ ही समजूत पुसणे होय. गणितात पहिला येणारा विद्यार्थी आणि गणितात नापास होणारा विद्यार्थी एकाच बाकावर, एकच करवत धरून उभे राहतात, तेव्हा दोघांनाही परस्परांकडून काही घ्यावयाचे असते. ज्या शाळेत हे घडते, तेथील कार्यशाळेचे दार कधीही बंद ठेवू नये.