हेडलेस सीएमएसमधून रूट कसे तयार होतात, आणि चांगली लिंक मोडते का?

(या भागाचं लेखी रूप. ऐकायला वेळ नसेल तर वाचा, ऐकलं असेल तर पुन्हा चाळा.)

ट्रेकिंगच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कुणीतरी लिंक टाकतं, "वाट कुठून आहे ते यात नीट दिलंय." तुम्ही आदल्या रात्री ती उघडता आणि समोर येतं ४०४, पान सापडलं नाही. बरं, माहिती तर वेबसाइटवर असते! फक्त तिचा पत्ता कुणीतरी बदललेला असतो. आज आपण बघणार आहोत की हे पत्ते, म्हणजे रूट, तयार कसे होतात आणि ते टिकवायची जबाबदारी नेमकी कुणाची.

हेडलेस म्हणजे काय?

वर्डप्रेस घ्या. तिथे मजकूर लिहायची जागा आणि तो दाखवणारी वेबसाइट एकाच घरात राहतात. पत्ताही वर्डप्रेसच ठरवतं. स्ट्रापी, कंटेंटफुल, सॅनिटी ही मंडळी वेगळी. ती मजकूर सांभाळतात आणि एपीआयवर मागाल तेव्हा देतात. शीर्षक, मजकूर, फोटो, बस्स. तो वेबसाइटवर दिसणार कसा आणि कुठल्या पत्त्यावर, याच्याशी त्यांना देणंघेणं नाही. चेहरा नाही, म्हणून हेडलेस. म्हणजेच पत्त्याचं सगळं काम आपल्या गळ्यात.

रूट तयार होतो कसा?

समजा आपली किल्ल्यांची वेबसाइट आहे आणि ती नेक्स्ट जेएसमध्ये बनवलीय. प्रत्येक किल्ल्याला वेगळी फाइल कोण लिहीत बसणार? आपण एकच साचा करतो: /किल्ले/[स्लग]. चौकटी कंसातली जागा रिकामी असते. स्लग म्हणजे पत्त्याचा शेवटचा तुकडा, उदाहरणार्थ शिवनेरी.

वेबसाइट बिल्ड होताना नेक्स्ट विचारतं, "या रिकाम्या जागेत काय काय भरू?" ते सांगणाऱ्या फंक्शनचं नाव जनरेट-स्टॅटिक-पॅराम्स. हे फंक्शन सीएमएसला सगळे स्लग मागतं आणि त्यांची यादी परत देतं. यादीत जितके स्लग, तितकी पानं. नक्स्ट, ॲस्ट्रो, गॅट्सबी यांत फंक्शनची नावं वेगळी, पण विचार हाच: यादी आणा, प्रत्येक नोंदीचं पान करा.

ऐकायला सोपं वाटतं ना? गोम यादीत आहे.

यादी अर्धीच आली तर?

सीएमएस एका वेळी सगळं देत नाही. स्ट्रापी मुळात एका पानात २५ नोंदी देतं. कंटेंटफुल १०० देतं, आणि मागितल्या तरी एका वेळी जास्तीत जास्त १०००. तुमच्याकडे २० किल्ले असताना सगळं झकास चालतं. सव्विसावा किल्ला टाकला की तो सीएमएसमध्ये दिसतो, पण यादीत येत नाही. एररसुद्धा येत नाही. म्हणून पुढचं पान, त्याच्या पुढचं पान, असं संपेपर्यंत मागत राहायचं.

यादीत नसलेला पत्ता कुणी उघडला तर काय करायचं, तेही आपणच ठरवतो. नेक्स्टच्या नव्या पद्धतीत मुळात ते पान त्या क्षणी तयार करून बघितलं जातं. तो पर्याय बंद केला असेल तर थेट ४०४. दुसऱ्या प्रकारात नवा किल्ला टाकल्यावर बिल्ड पुन्हा चालायला हवं. त्यासाठी वेबहूक लावतात: सीएमएसमध्ये 'प्रकाशित करा' दाबलं की बिल्डला आपोआप निरोप जातो.

मराठी स्लगची गंमत

बरेच जण शीर्षकावरून कोडने स्लग बनवतात. इंग्रजीत ते खपून जातं. मराठीत? जावास्क्रिप्टचा नेहमीचा 'शब्दातली अक्षरं सोडून बाकी काढा' हा नियम फक्त रोमन अक्षरं ओळखतो. अख्खं शीर्षक गायब, स्लग रिकामा. पायथनमध्ये देवनागरी अक्षरं राहतात, पण काना, मात्रा, वेलांटी उडतात. 'शिवनेरी'चं होतं 'शवनर'. आता बोला!

पुढचं बघा, 'दाऱ्या घाट'. यातला ऱ एक स्वतंत्र चिन्ह म्हणून टाइप होतो, किंवा र खाली नुक्ता देऊन, किंवा र, हलन्त आणि एक न दिसणारं जोडचिन्ह वापरून. डोळ्यांना तिन्ही सारखे. कॉम्प्युटरला तिन्ही वेगळे, म्हणजे पत्तेही वेगळे.

शिवाय देवनागरी लिंक कॉपी केली की बऱ्याचदा तिची टक्केचिन्हांची माळ होते. एका चिन्हामागे ९ अक्षरं. 'शिवनेरी'त ७ चिन्हं, म्हणजे ६३ अक्षरं. म्हणून स्लगसाठी सीएमएसमध्ये वेगळा रकाना ठेवा. तो माणसाने तपासलेला, छोटा आणि शक्यतो रोमन लिपीत असू द्या. 'हा दोनदा येऊ नये' असा नियमही लावा.

बदलणारी गोष्ट पत्त्यात नको

/किल्ले/ठाणे/कोहोज असा पत्ता छान वाटतो. पण १ ऑगस्ट २०१४ ला ठाण्यातून पालघर जिल्हा वेगळा झाला आणि कोहोज तिकडे गेला. किल्ला जागचा हलला नाही, पत्ता मात्र चुकीचा ठरला. जिल्हा, वर्ग, लेखकाचं नाव हे सगळं नोंदीत ठेवा, पत्त्यात कशाला?

आणि तरीही बदलावा लागला तर?

इथे वर्डप्रेसचं कौतुक करायला हवं. प्रकाशित लेखाचा स्लग बदलला की ते जुना स्लग लक्षात ठेवतं आणि वाचकाला गुपचूप नव्या पानावर नेतं. हेडलेसमध्ये हे आपोआप होईल असं धरून चालू नका. सीएमएसमध्ये 'जुने स्लग' असा आणखी एक रकाना करा. बिल्डच्या वेळी त्यातून ३०१ किंवा ३०८ रीडायरेक्ट तयार करा. हे दोन्ही आकडे ब्राउझरला आणि गूगलला सांगतात, "पान कायमचं तिकडे गेलंय."

तर मंडळी, मजकूर सीएमएसचा, पण पत्ता तुमचा. एकदा लिंक कुणाच्या फोनवर गेली की ती तुम्हाला परत घेता येत नाही. आज एवढंच करा: सीएमएसमधल्या प्रकाशित नोंदी मोजा आणि बिल्डमध्ये तयार झालेली पानं मोजा. आकडा जुळला नाही तर कुठलं पान हरवलंय ते शोधा.

भेटू पुढच्या भागात!